फोंतेन्हास की वाईचा घाट: पाण्याकाठच्या जुन्या वस्तीत घर घेण्यापूर्वी

घरून काम करण्याची सोय झाल्यापासून पुण्या-मुंबईची बरीच मंडळी एखाद्या जुन्या, पाण्याकाठच्या वस्तीत कायमचे राहायला जाण्याचा विचार करू लागली आहेत. त्यांच्या बोलण्यात पणजीचे फोंतेन्हास आणि कृष्णाकाठची वाई ही दोन नावे हमखास येतात. बहुतेक जण दोन्ही ठिकाणे हिवाळ्यात पाहतात आणि घरांच्या देखणेपणावर तुलना करतात. माझ्या मते तुलनेची सुरुवात पाण्यापासून व्हायला हवी, कारण घराचे बांधकाम, त्याची देखभाल आणि तिथला पावसाळा या सगळ्यांचा उगम तिथेच आहे.

फोंतेन्हास ही आल्तिनोची टेकडी आणि ओरेम खाडी यांच्यामधली चिंचोळी पट्टी असून टेकडीच्या पायथ्याच्या झऱ्यावरून तिला हे नाव पडले. पणजी 1843 मध्ये अधिकृत राजधानी झाली आणि एकोणिसाव्या शतकात ही वस्ती भरत गेली. खाडी मांडवीला मिळते, त्यामुळे तिच्यात भरतीचे पाणी चढते. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की टेकडीवरून उतरणाऱ्या पाण्याला खाडीत वाट मिळत नाही आणि ते शेजारच्या मळा नावाच्या वस्तीत व सखल गल्ल्यांत तुंबते. हे पाणी ओहोटीबरोबर उतरू लागते, पण दमट, खारी हवा बारा महिने सोबत राहते.

वाईचे पाणी निराळे आहे. नदी उन्हाळ्यात घाटाच्या पायऱ्यांखाली निमूट असते आणि पावसाळ्यात, विशेषतः वरच्या अंगाला असलेल्या धोम धरणातून विसर्ग वाढवला की, थेट देवळांना भिडते. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 मध्ये घाटावर बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत नीट पाहावी. ती सरळ नसून माशासारखी निमुळती केली आहे, म्हणजे पुराचा लोंढा तिच्यावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जातो. बांधणाऱ्यांनी पूर येणार हे गृहीत धरले होते. आज घर घेणाऱ्यानेही तेच गृहीत धरावे आणि व्यवहारापूर्वी जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषांचा नकाशा पाहावा. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा यांच्या संदर्भात वाडा कुठे येतो, यावर त्याची दुरुस्ती व पुनर्बांधणी कितपत करता येईल हे ठरते.

घरांच्या बाबतीत दोन्हीकडे एकच चूक सर्रास होते, ती सिमेंटची. फोंतेन्हासची घरे जांभ्या दगडाची, चुन्याच्या गिलाव्याची आणि मंगलोरी कौलांची आहेत. काही खिडक्यांना अजून काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ, अर्धपारदर्शक चकत्या लाकडी चौकटीत बसवलेल्या दिसतात, आणि त्यांतून येणारा दुधाळ उजेड दुसऱ्या कशानेही साधत नाही. जांभा ओल शोषतो आणि चुन्यातून ती बाहेर पडू देतो. वरून सिमेंट थापले की ओल आतच कोंडते आणि भिंतीला पोपडे धरतात. पोर्तुगीज काळापासून पावसाळा सरल्यावर घर रंगवण्याची जी रीत आहे ती या दृष्टीने शहाणपणाचीच आहे, आणि तो खर्च दरवर्षीचा धरूनच हिशेब मांडावा. वाईच्या वाड्यांत खालचा भाग काळ्या पाषाणाचा आणि वर विटा किंवा पांढऱ्या मातीच्या भिंती व सागवानी खांब-तुळया असतात. तिथे वाळवी आणि गळके छप्पर हे खरे शत्रू. एक पावसाळा दुर्लक्ष झाले तर तुळईचे भिंतीत गेलेले टोक कुजते आणि ते बाहेरून दिसतही नाही. म्हणून जुन्या लाकूडकामाची जाण असलेल्या सुताराला सोबत नेल्याशिवाय वाड्याची किंमत बोलू नये.

कागदपत्रांचा भाग अधिक अवघड आहे. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालत आली आहे. तिथल्या दांपत्याची मालमत्ता सामान्यतः दोघांची सामाईक धरली जाते, पती किंवा पत्नीच्या संमतीशिवाय घर विकता येत नाही, आणि मृत्युपत्रानेही वारसांचा अर्धा हिस्सा डावलता येत नाही. त्यामुळे एका छोट्या घराला लिस्बनपासून मुंबईपर्यंत पांगलेले वारस असू शकतात, आणि वारसवाटणीची इन्व्हेंटरी प्रक्रिया पुरी झालेली नसेल तर बयाणा देणे धोक्याचे ठरते. शिवाय वस्ती संवर्धन क्षेत्रात येते आणि खाडीकाठाला सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागतात, म्हणजे दर्शनी भागात मनाप्रमाणे बदल करणे विसरावे. वाईत मालमत्ता पत्रकावर चार-चार पिढ्यांची नावे आढळतात, वाटण्या तोंडी झालेल्या असतात आणि एखाद्या खोलीत जुना भाडेकरू 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या संरक्षणाखाली राहत असतो. तरीही बहुतेक भाऊबंद पुण्या-साताऱ्यात असल्याने त्यांना एका टेबलाशी बसवणे तुलनेने शक्य होते.

शेजाराबद्दल मात्र मला तोलूनमापून लिहिता येत नाही. फोंतेन्हासमधल्या कित्येक घरांची अतिथिगृहे आणि कॅफे झाले आहेत. उरलेल्या रहिवाशांच्या पायऱ्यांवर अनोळखी लोक छायाचित्रांसाठी बसतात, आणि नाताळ ते नववर्ष या काळात स्वतःच्या दारात गाडी लावणेही कठीण होते. तिथे घर घेऊन ते वर्षातले दहा महिने पर्यटकांना भाड्याने देण्याचा बेत असेल, तर ज्या वस्तीच्या ओढीने आपण गेलो तिचा आणखी एक शेजारी आपणच कमी केला असे होईल, आणि मला ते मनापासून लागते. वाईतही पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरची शनिवार-रविवारची वाहतूक आहे, चित्रीकरणेही होतात. पण घाट अजून वापरात आहे. गंगापुरी, मधली आळी, धर्मपुरी अशा आळ्या आपापल्या घाटावर पाळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव करतात, आणि नव्याने आलेल्या कुटुंबाला पंगतीत वाढायला उभे राहिले तरी ओळख मिळते. विश्वकोशाचे कार्यालय आणि प्राज्ञपाठशाळेची परंपरा असलेल्या या गावात वाचणाऱ्या माणसाला बोलायलाही कोणी तरी भेटते.

म्हणून कायम राहायला जाणाऱ्याला मी वाई सुचवीन, पण पूररेषेच्या वरच्या अंगाचे घर पाहून. फोंतेन्हासचीच ओढ असेल तर विकत न घेता जून ते सप्टेंबर भाड्याने राहावे आणि घरमालकाशी तसा लेखी करार करावा. याला एक अपवाद आहे. घरात वृद्ध आई-वडील असतील आणि त्यांना वारंवार तज्ज्ञ डॉक्टर लागत असतील, तर पणजीजवळच बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे. वाईहून गंभीर दुखण्यासाठी साताऱ्याला किंवा पुण्याला जावे लागते, आणि रात्री-अपरात्री ते अंतर फार वाटते.