ई-पेपरवर चित्र दिसतंय म्हणून पैसे पाठवू नका

चोपडा तालुक्यात आमची केळी आहे. मोटारीच्या खोलीबाहेर एक लहान बोर्ड लावायचा होता: जमिनीत ओल किती, थ्री फेज किती वाजता येणार. ओएलईडी (स्वतः उजळणारा छोटा पडदा) लावून पाहिला, पण आपल्याकडच्या उन्हात त्यावरचं अक्षर दिसेना. ई-पेपर, म्हणजे किंडलसारख्या वाचनयंत्रावर असतो तसा पडदा, मात्र भर उन्हात छापील कागदासारखा वाचता येतो आणि मजकूर बदलतानाच काय ती वीज घेतो. अडचण किमतीची. ४.२ इंची मॉड्यूल (पडदा आणि त्याचा जोडणीचा बोर्ड एकत्र) अडीच हजारांच्या पुढे जात होतं. अमळनेरच्या माझ्या दोन मित्रांनाही तेच हवं होतं.

अशात ऑनलाइन एक विक्रेता भेटला. त्याच मापाचं सुटं पॅनेल, म्हणजे नुसता पडदा, ६५० रुपयांना, "नवीन माल आहे, कंपनीकडे जास्तीचा उरलेला." अट एकच, किमान १२ नग आणि पैसे आधी. चालू आहेत का विचारलं तर त्याने फोटो पाठवला. निळ्या कडेच्या टेबलावर ओळीने मांडलेली पॅनेल्स, प्रत्येकावर ठळक आकडे आणि बारकोड. मला वाटलं, चाचणीसाठी काढलेलं चित्र असेल. ७,८०० रुपये यूपीआयने पाठवले. त्यातले ५,२०० मित्रांचे होते.

इथेच मी फसलो. ई-पेपरमध्ये सूक्ष्म कुप्यांत काळे आणि पांढरे विद्युतभारित कण असतात. ते एकदा जागेवर बसले की वीज काढली तरी हलत नाहीत. त्यामुळे पॅनेल पार निकामी झालं तरी शेवटचं चित्र त्यावर तसंच राहतं. एलसीडी उजळलेली दिसली तर निदान ती लागते एवढं तरी कळतं. ई-पेपरच्या फोटोवरून तेवढंही कळत नाही. हे मला माहीत होतं, पण स्वस्ताच्या नादात डोक्यात आलं नाही.

पार्सल उघडलं तेव्हा आबा शेजारीच होते. एक पॅनेल हातात घेऊन म्हणाले, "भाऊ, हाई काय शे?" त्यावर चीजचा भाव होता, युरोमध्ये. परदेशातल्या सुपरमार्केटच्या फळ्यांवर किमतीच्या डिजिटल पट्ट्या असतात, त्यातून उचकटून काढलेला माल होता तो.

तरी म्हटलं, जुनी का असेना, चालली म्हणजे झालं. पॅनेलची २४ पिनांची पट्टी ॲडॉप्टर बोर्डात (जोडणीच्या बोर्डात) बसवली, ईएसपी३२, म्हणजे पडदा चालवणारा छोटा कंट्रोलर बोर्ड, जोडला. बोर्डाचे संदेश दाखवणाऱ्या संगणकावरच्या सिरीयल मॉनिटरवर एकच ओळ, बिझी टाइमआउट, म्हणजे पॅनेल 'काम झालं' असं कळवतच नाही. विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, "तुमचा ड्रायव्हर चुकतोय, दुसरा टाकून बघा." ड्रायव्हर म्हणजे पॅनेल चालवणारा प्रोग्रॅम. हे पटण्यासारखं होतं. एकाच मापाच्या पॅनेलमध्ये वेगवेगळ्या कंट्रोलर चिप येतात आणि काहींचा बिझी सिग्नल चक्क उलटा असतो. रोज तो नवीन काहीतरी सुचवायचा, मी रात्री जागून करून बघायचो. असे ९ दिवस गेले. मग एकदा टॉर्च आणि भिंग घेऊन बसलो. चिप काचेच्या कडेवरच चिकटवलेली असते; ७ पॅनेल्सना नेमकी तिथेच केसासारखी बारीक चीर होती. ३ पॅनेल्सची पट्टी मुळाशी फाटलेली. उरलेली २ जागी झाली, पण अर्ध्या ओळी गायब. हे सांगितलं त्या दिवसापासून त्याचा फोन बंद.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली ती १२व्या दिवशी. तोवर पैसे त्या खात्यातून पुढे गेले होते, अजून परत आलेले नाहीत. हा नंबर पहिल्याच दिवशी लावायला हवा होता. ड्रायव्हरच्या गप्पांत विक्रेता माझे दिवस घालवत होता, हे मला फार उशिरा उमगलं.

आता मी आधी एकच नग मागतो, आणि व्हिडिओ. पॅनेलला जोडलेल्या वायरी दिसल्या पाहिजेत, पडद्यावर आजची तारीख आणि माझं नाव उमटलं पाहिजे, तेही चित्र बदलताना पडदा काळा-पांढरा लुकलुकतो तिथपासून शेवटपर्यंत, मध्ये न कापता. लाल रंगही दाखवणाऱ्या पॅनेलला चित्र बदलायला १५ सेकंदांच्या आसपास लागतात, तेवढं थांबायचं. पट्टीचा आणि चिपच्या कडेचा जवळून फोटो वेगळा. माल खरा असेल तर हे करायला पाच मिनिटं लागतात.

मित्र नको म्हणत होते, तरी त्यांचे ५,२०० मी देऊन टाकले. ऑर्डर माझ्या शब्दावर दिली होती.

गेल्या आठवड्यात तोच फोटो वेगळ्या नावाने पुन्हा विक्रीला आलेला पाहिला. टेबलाची कड निळी आहे, आणि डावीकडून तिसऱ्या पॅनेलवर तोच चीजचा भाव आहे.