स्टीमला गेम दिसेना: ड्राइव्ह जोडायचा की पुन्हा इन्स्टॉल दाबायचं?

सिडकोतल्या मावसभावाने विंडोज नव्याने टाकलं, स्टीम (कॉम्प्युटरवर गेम विकत घेऊन खेळायचं ॲप) उघडलं, तर डी ड्राइव्हवरचे सगळे गेम करड्या अक्षरांत आणि समोर 'इन्स्टॉल'चं बटण. फाइल्स मात्र जागच्या जागी होत्या. शंभर जीबी पुन्हा उतरवायची काहीच गरज नाही.

माझं मत स्पष्ट आहे: आधी ड्राइव्ह जोडून बघा. म्हणजे स्टीमच्या सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये जाऊन तो फोल्डर निवडा, ज्याच्या आत 'स्टीमॲप्स' हा फोल्डर आहे. थेट त्याच्या आतला, गेमच्या फाइल्सचा 'कॉमन' फोल्डर निवडू नका, तिथेच बरेच जण फसतात. जमलं की सगळे गेम एकदम परत येतात, डाउनलोड शून्य. अट एकच: स्टीमॲप्समध्ये प्रत्येक गेमची मॅनिफेस्ट फाइल, म्हणजे स्टीमने ठेवलेली त्या गेमची नोंद, शाबूत हवी. काउंटर-स्ट्राइक २ ची असेल तर तिच्या नावात ७३० हा त्या गेमचा स्टीमवरचा क्रमांक दिसेल. स्टीम गेम ओळखतं ते या छोट्या फाइलवरून, गेमच्या फोल्डरवरून नाही.

कॉलेज रोडच्या मित्राकडून नुसता 'कॉमन'मधला फोल्डर कॉपी करून आणला असेल, तर ही फाइल नसतेच. मग दुसरा मार्ग: इन्स्टॉल दाबा, तोच ड्राइव्ह निवडा. स्टीम आधी असलेल्या फाइल्स तपासतं आणि कमी असतील तेवढ्याच उतरवतं. जुन्या हार्ड डिस्कवर हे रेंगाळतं, आणि एकेक गेम करत बसावं लागतं. फोल्डरचं नाव मूळचंच ठेवा. तपासणीऐवजी पूर्ण डाउनलोड सुरू झालं तर लगेच थांबवून नाव बघा. वैतागून 'अनइन्स्टॉल' मात्र दाबू नका, त्याने फाइल्सच उडतात.