मार्चिंग स्नेअर घेताना: मेरठचा साइड ड्रम, पाइप बँडचा ड्रम की पर्ल-यामाहा?

शाळेच्या, कॉलेजच्या किंवा पथकाच्या बँडसाठी स्नेअर (खालच्या पानाला तारा लावलेला, काडीने वाजवायचा ड्रम) घ्यायचे ठरलं की चर्चा सुरू होते ती ब्रँडपासून. आमचं मत आधीच सांगतो. पान, म्हणजे ज्यावर वाजवतो तो पडदा, किती ताणता येईल आणि तो ताण किती टिकेल, हे ब्रँडवर ठरतं. आवाजाचा पोत ठरतो पानावर आणि तारांवर. सहा ड्रम मिळून एका आवाजात वाजतात की नाही, हे मात्र पान ताणण्याची किल्ली धरणाऱ्याच्या हातात असतं. पर्ल आणि यामाहाच्या वरच्या श्रेणीतल्या ड्रमवर सारखंच पान लावून ते सारखेच चढवले (ताणले), तर वीस पावलांवरून फरक ओळखणारे कान फार थोडे. पान वेगळं केलंत तर तो फरक पहिल्या रोललाच (सलग जलद ठोक्यांना) कळतो.

आपल्याकडे सर्वाधिक दिसतो तो मेरठच्या जाली कोठी भागातल्या कारखान्यांचा साइड ड्रम. स्टीलचं किंवा लाकडी शेल (ड्रमचं गोल अंग), मायलरचं (प्लॅस्टिकच्या फिल्मचं) पान, ते ताणणारे मोजके रॉड आणि खाली ड्रमसेटसारख्या पिळाच्या तारा. आवाज मोकळा आणि थोडा घुमणारा. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाला, सरळ ठेक्याला तो उत्तम चालतो. सुटे भागही स्वस्तात मिळतात. अडचण येते जलद वादनात. पान सैल असल्यामुळे काडी उसळत नाही आणि दोन ठोक्यांमधली जागा तारांच्या खुळखुळाटाने भरून जाते. मग कोणीतरी यावर केव्हलारचं (अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याचं) पान चढवायला जातं. ते करू नका. हे शेल एवढ्या ताणासाठी बनवलेलंच नसतं. पानावरची रिंग वाकते, रॉड ज्यात बसतात ते लग उपटून येतात आणि गोल शेल अंडाकृती होतं.

केव्हलारचा धागा ड्यूपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांच्या 1965 मधल्या शोधातून आला. ड्रमच्या दृष्टीने त्याचा मोठा गुण म्हणजे तो जवळजवळ ताणलाच जात नाही. मायलर किल्ली फिरवताच थोडं लांबतं आणि बराचसा भार स्वतः पचवतं. केव्हलार तो भार थेट रॉड आणि लगवर टाकतं. त्यामुळे अमेरिकी ड्रम कोअरच्या (संचलन करत वाजवणाऱ्या पथकांच्या) घट्ट, कोरड्या आवाजासाठी ड्रमची रचनाच बदलावी लागली. पर्लच्या चॅम्पियनशिप एफएफएक्समध्ये लग शेलला न जोडता धातूच्या चौकटीला जोडलेले असतात. ताण चौकट पेलते, शेल त्यात नुसतं बसतं. यामाहाची एसएफझी मालिकाही याच कामासाठी आहे. दोन्हींच्या 14 बाय 12 इंची (व्यास बाय खोली) ड्रमला 12 रॉड येतात आणि तारा एकेक करून स्क्रूने जुळवता येतात. या दोनमध्ये निवडताना आवाजापेक्षा सुटे भाग कोण लवकर देतं आणि तुमच्याकडचं कॅरियर (ड्रम अंगावर अडकवायची चौकट) कशाला बसतं, हे आधी विचारा.

वजन मात्र नीट बघा. आठवी-नववीच्या मुलांना 14 बाय 12 चा असा हाय-टेन्शन (घट्ट ताणाच्या पानाचा) ड्रम तासभर पेलवत नाही. खांदे झुकतात आणि डावा हात वाकडा पडायला लागतो. त्यांच्यासाठी 13 बाय 11 किंवा यामाहाची पॉवर-लाइट मालिका बरी. 13 इंचाचा आवाज थोडा बारीक लागतो, पण स्पष्ट असतो.

पाइप बँडचा ड्रम हे वेगळंच प्रकरण आहे. प्रीमियर, अँडांटे आणि पर्ल हे त्यातले ओळखीचे ब्रँड. यात तारांचे दोन संच असतात: एक खालच्या पानाला आणि दुसरा वरच्या पानाच्या आतून. म्हणून हलक्या ठोक्यालाही लगेच तड उमटते आणि ड्रमचा स्वतःचा सूर जवळपास नाहीसा होतो. आपल्या लष्करी पलटणींसारखा बॅगपाइपचा बँड असेल तर हाच घ्या. ब्रास बँडसोबत मात्र ही सततची तडतड कॉर्नेटच्या अंगावर येते आणि दोन संच जुळवायचं कामही दुप्पट.

पानांत मुख्य निवड तीन. रेमोचं ब्लॅक मॅक्स कोरडं आणि कडक, प्रत्येक ठोका सुटा. व्हाइट मॅक्स हाताला मऊ, आवाजात जास्त उजेड. एव्हान्सचं हायब्रिड दोन प्रकारच्या धाग्यांच्या विणीचं, केव्हलारइतकं ताठ नाही. नव्या मुलांच्या मनगटांसाठी आम्ही हेच सुचवू. एका ओळीत दोन प्रकारची पानं कधीच लावू नका. खालचं पान मार्चिंगसाठीचं जाडच हवं. ड्रमसेटचं पातळ पान या ताणाला फाटतं.

आता किल्ली. तारा बंद करून खालच्या पानापासून सुरुवात करा. सगळे रॉड बोटांनी घट्ट करा, मग समोरासमोरच्या जोड्या घेत अर्धा-अर्धा फेरा, शेवटी पाव फेरा. प्रत्येक फेरीनंतर मध्यावर एक बोट हलकेच टेकवून रॉडपासून इंचभर आत काडीने टकटक करा. एखादा उतरलेला असेल तर तोच चढवा. खालचं पान काळी चार ते काळी पाचच्या आसपास नेऊन थांबा. वरचं त्याच्यापेक्षा दोन ते पाच अर्धस्वर उतरतं ठेवा. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा, कारण खालचं पान उतरलेलं असतं.

तारा सर्वांत शेवटी. उंचीचा स्क्रू असा ठेवा की तारा पानाला टेकतील, पण पान दाबणार नाहीत. मग बारीक स्क्रूड्रायव्हरने एकेक तार छेडत जा. एखादी ढिली निघाली तर रोलमध्ये भुणभुण तिचीच असते. तारांचा आवाज मंद वाटला की बरेच जण त्या आणखी घट्ट करतात. त्याने खालचं पान गुदमरतं आणि आवाज पत्र्यासारखा होतो. अशा वेळी बहुधा खालचं पानच सैल असतं, ते आधी चढवा. वरचं पान अति चढलं तर घुमारा जाऊन नुसता टकटकाट उरतो आणि धक्का मनगटात जातो.

आतड्याच्या तारा असलेला जुना ड्रम मिळत असेल तर जून ते सप्टेंबरचा विचार करा. दमट हवेत आतडं ढिलं पडतं, कोकणात तर सकाळचा मेळ संध्याकाळी टिकत नाही. तिथे धातूच्या किंवा कृत्रिम तारा घ्या. पावसात वाजवून झालं की रॉड पुसून आट्यांना पांढरं ग्रीस लावा. गंजलेला रॉड फिरतो तेव्हा पान ताणलं जात नाही, आटे झिजतात.

सेकंडहँड हाय-टेन्शन ड्रम नव्या साध्या ड्रमपेक्षा चांगला सौदा ठरू शकतो, पण पान काढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. शेल सपाट काचेवर पालथं ठेवा, आत टॉर्च लावा, खोलीतला दिवा बंद करा. कडेखालून उजेड फटफटीत दिसला तर तो ड्रम कधीच सारखा चढणार नाही. मग लगच्या मुळाशी केसाएवढी चीर आहे का बघा, बाराही रॉड हाताने फिरवून बघा. किमतीत नव्या दोन्ही पानांचा खर्च धरूनच घासाघीस करा.