खोकं खरं, पेला दुसऱ्याचा

गेल्या वर्षी एका ऑनलाइन लिलावात मी माशिको या कुंभारकामासाठी प्रसिद्ध जपानी गावातले नामवंत कुंभार हामादा शोजी यांचा म्हणून एक युनोमी, म्हणजे चहाचा उभा, बिनकानाचा पेला, ३८,००० येनला घेतला आणि साफ फसलो. जपानात राहून माशिकोची भांडी जमवू लागलेले आपले बरेच जण असतील, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

हामादा (१८९४–१९७८) इंग्लंडहून परतल्यावर आपल्या भांड्यांवर सही-शिक्का करत नसत. त्यामुळे भांडं त्यांचं आहे याची मोठी खूण म्हणजे तोमोबाको, किरीच्या हलक्या लाकडाचं खोकं. त्याच्या झाकणावर भांड्याचं नाव, कुंचल्याने केलेली सही आणि लाल शिक्का असतो. फसवणारा नेमका इथेच हात मारतो. खोकं अस्सल, आत भांडं भलतंच!

माझा पेला दिसायला देखणा होता. 'काकी' म्हणतात ती तांबूस तपकिरी, पर्सिमन फळाच्या नावाची झिलई, पायाशी उघडी पडलेली खरबरीत माती. खोक्यात तो जरा हलत होता, पण भोवती पिवळं फडकं गुंडाळलेलं असल्याने मी तिकडे लक्षच दिलं नाही. शेजारच्या आजींना कौतुकाने दाखवायला नेला. त्यांनी झाकण उजेडात धरलं, दोनदा वाचलं आणि हळूच म्हणाल्या, "इथे मिठाची झिलई लिहिलंय."

मिठाच्या झिलईचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीत असतो. माझा पेला काचेसारखा गुळगुळीत! मग खोक्याचा तळ पाहिला. लाकडावर पायाच्या कडेने उमटलेलं फिकट वर्तुळ होतं. पेला त्यावर ठेवला, तर चारी बाजूंनी बोटभर जागा उरली. असं खोकं भांड्याच्या मापाने बनवून घेतात, इतकी मोकळी जागा राहतच नाही.

विक्रेत्याला लिहिलं. त्याने जाहिरातीतल्या शेवटच्या ओळीकडे बोट दाखवलं: तक्रार नाही, परतावा नाही. ती ओळ मी पैसे भरण्याआधी वाचली होती, याचा राग अजून जात नाही.

झाकणावरचा मजकूर, खोक्याचा तळ आणि भांड्याचा पाय, तिन्हींचे जवळून काढलेले फोटो मागा. मजकूर जपानी वाचणाऱ्याकडून आधीच वाचून घ्या. फोटो द्यायला कुणी टाळाटाळ केली, तर बोली लावूच नका. हामादांच्या पश्चात त्यांचा मुलगा शिन्साकू यांनीही भांडी पारखून खोक्यांवर तसं लिहून दिलेलं आहे, पण तिथेही मजकूर आणि भांडं जुळतंय का ते बघाच.

पेला मी माशिकोला नेला होता. तिथल्या एका जुन्या दुकानदाराने तो हातात फिरवून सांगितलं, माशिकोचाच आहे, चांगल्या भट्टीतला, दोन-तीन हजार येनचा. खोक्यावरचं अक्षर मात्र त्यांनी बराच वेळ न्याहाळलं.