आय लव्ह लूसीचा हॉलिवूडवाला एपिसोड: लय भारी!

रविवारी मटण-भाकरी झाल्यावर घरच्यांना घेऊन 'आय लव्ह लूसी' या जुन्या अमेरिकन विनोदी टीव्ही मालिकेचा 'एल. ए. ॲट लास्ट' हा एपिसोड लावला, १९५५ चा, ब्लॅक अँड व्हाइट, आणि आमची आई इंग्लिश फारसं न कळता डोळ्यात पाणी येईस्तोवर हसली. लूसी आणि तिचे शेजारी एथेल आणि फ्रेड न्यूयॉर्कहून हॉलिवूडला आलेत, नट-नट्या बघायच्या म्हणून थेट ब्राउन डर्बी हॉटेलात जाऊन बसतात, आणि मागच्याच टेबलावर येतो हॉलिवूडचा हीरो विल्यम होल्डन! लूसी त्याला वळून वळून बघते, मग तो वळून तिलाच टक लावून बघायला लागतो. आता हिच्या तोंडात स्पॅगेटी, ती संपता संपेना, शेवटी एथेल पर्समधनं कात्री काढून कापते. लूसी झालेल्या ल्युसिल बॉलचे डोळे बघा त्यावेळी, एक शब्द नाही, सगळं चेहऱ्यावर. नाद खुळा!

आम्हा कोल्हापूरकरांना हे लगेच पटतं, सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांचं गाव हे, १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी इथंच सुरू झाली. लहानपणी पन्हाळ्यावर शूटिंग बघायला आई आम्हाला घेऊन उन्हात दोन-दोन तास उभी राहायची, हीरो गाडीतनं उतरला की सगळी गर्दी अशीच गप्प होऊन बघत राहायची.

शेवटचा नकली नाकाचा सीन सांगत नाही, फक्त सिगरेट पेटवताना नीट बघा. पाचपैकी पाच स्टार, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सोबत घेऊनच बघा.