घरी बांधलेल्या विमानाला कोणता अल्टरनेटर?

अमेरिकेत हौशी मंडळी गॅरेजमध्ये बांधतात त्या आरव्ही-७ सारख्या दोन आसनी विमानात बहुधा लायकमिंग कंपनीचं इंजिन असतं. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर वीज तयार करणारं यंत्र, पुढे, प्रोपेलरच्या मागे, बेल्टवर फिरतो. विमान एक्सपेरिमेंटल, म्हणजे इथे हौशी बांधणीच्या, गटातलं, त्यामुळे प्रमाणित सुट्या भागांची सक्ती नाही आणि मोटारीचा अल्टरनेटरही चालतो.

मोटारीचा स्वस्त, कुठेही मिळणारा. पण व्होल्टेज काबूत ठेवणारा रेग्युलेटर त्याच्या पोटातच. तो बिघडून व्होल्टेज १४ वरून भरमसाट चढलं, तर बऱ्याच मॉडेलमध्ये कॉकपिटमधला स्विच पाडूनही वीज तयार होतच राहते. रेडिओ, इंजिन मॉनिटर, ऑटोपायलट सगळं त्याच वायरिंगवर. मला हे पटत नाही.

बाहेरच्या रेग्युलेटरचा महाग, वायरी जास्त, शिवाय रेग्युलेटरला फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि कॉकपिटमधल्या भिंतीवर, जागा हवी. मात्र फील्डचा, म्हणजे आतल्या चुंबकाच्या गुंडाळीचा, पुरवठा तोडला की अल्टरनेटर तिथल्या तिथे गप्प होतो. सोबतचं क्रोबार नावाचं संरक्षक सर्किट व्होल्टेज १६ च्या आसपास गेलं की मुद्दाम शॉर्ट करून फील्डचा ब्रेकर पाडतं. रात्री किंवा ढगांत उडणार असाल तर हाच घ्या. फक्त दिवसा उडत असाल आणि इंजिनाला मॅग्नेटो असतील, तर मोटारीचा चालेल; मॅग्नेटोला ठिणगीसाठी बाहेरची वीज लागत नाही.

कोणताही बसवा, आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. जाड आउटपुट वायरची लग (टोकाची धातूची कडी) हाताने हलवून बघा. माझ्या जुन्या वायरची लग कंपनाने अर्धी चिरली होती, वरची स्लीव्ह मात्र नवी कोरी दिसत होती. बेल्टही याच वेळी बदला, कारण त्यासाठी प्रोपेलर उतरवावा लागतो.