वेंगुर्ल्यातील पुस्तकदालनाचे आयरिश कपाट

वेंगुर्ल्याच्या बाजारातील एका छोट्या पुस्तकदालनात समकालीन आयरिश कवितेसाठी स्वतंत्र कपाट आहे. यंदाच्या पावसाळ्यात तिथे तीन वेळा जाऊन, चार पुस्तके विकत घेऊन मी हा अभिप्राय लिहीत आहे.

कपाटाचे मोल त्याच्या मांडणीत आहे. कवितासंग्रहांना लागूनच आयर्लंडमधील स्त्रियांच्या इतिहासाची पुस्तके ठेवली असून, कोणते पुस्तक कशासोबत वाचावे हे दालन चालवणाऱ्या बाईंनी मराठीत चिठ्ठ्या लिहून सुचवले आहे. पॉला मीहन यांच्या एका कवितेत ग्रॅनर्ड गावातील, येशूची आई मेरी हिचा पुतळा बोलतो. ती मी पूर्वी वाचली होती, पण अर्धीच समजली होती. ३१ जानेवारी १९८४ रोजी ॲन लव्हेट ही १५ वर्षांची मुलगी त्या पुतळ्यापाशी एकटीच बाळंत झाली आणि तीही गेली, बाळही गेले, हे चिठ्ठीमुळे कळल्यावर मला ती कविता त्या दिवशी पुढे वाचवेना.

ईव्हन बोलंड यांचे संग्रह या कपाटाचा कणा आहेत, आणि ते योग्यच आहे. आयरिश कवितेत स्त्री ही देशाची प्रतिमा म्हणून मिरवली, लिहिणारी म्हणून मात्र तिला जागा नव्हती, हे त्यांनी आयुष्यभर मांडले. १९९१ साली निघालेल्या आयरिश साहित्याच्या तीन खंडांच्या बृहत्संकलनात लेखिका इतक्या थोड्या होत्या की, पुढे २००२ मध्ये केवळ स्त्रियांच्या लेखनासाठी आणखी दोन खंड काढावे लागले. कवयित्री डिरिन नी ग्रीफा यांनी तर आपल्या एका पुस्तकात अठराव्या शतकातील कवयित्री आयलीन डुव यांचा शोध घेतला आहे. १७७३ मध्ये नवरा मारला गेल्यावर त्यांनी केलेला विलाप लोकांच्या तोंडी टिकला, पण त्यांच्या स्वतःच्या आयुष्याची नोंद फारशी राहिली नाही. माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या कोणी उतरवून घेतल्या नाहीत, त्यामुळे हे पुस्तक मी दोनदा वाचले.

दोन उणिवा सांगायलाच हव्यात. आयरिश भाषेतील मूळ कविता इथे नाहीत, केवळ इंग्रजी अनुवाद आहेत. दुसरी उणीव मला अधिक लागली. गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क देणारी १९८३ ची घटनादुरुस्ती आयर्लंडने २०१८ च्या सार्वमतात सुमारे ६६ टक्के मतांनी रद्द केली. त्यामागे २०१२ मध्ये गॉलवे येथे गर्भपात नाकारला गेल्यानंतर जंतुसंसर्गाने मरण पावलेल्या सविता हलप्पनवार यांचे नाव सतत घेतले गेले. त्यांचे माहेर बेळगावचे, म्हणजे आपल्याकडून आंबोली घाट चढून गेले की लागणारे. एकाही चिठ्ठीत त्यांचा उल्लेख नाही. मी हे बोलून दाखवल्यावर बाईंनी माझ्यासमोरच कोरी चिठ्ठी काढून सवितांचे नाव लिहिले.

दालन सोमवारी बंद असते. मागणी नोंदवल्यावर पुस्तक हाती पडायला मला तीन आठवडे लागले.